तेजोमेघांचे छायाचित्रण आणि रंगांचे प्रामाण्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
छायाचित्र हे इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले जाते. परंतु त्यातील रंगच अभ्यासकाने ठरविलेले असतील, तर त्याचे प्रामाण्य कितपत मानावे? या प्रश्नाच्या दृष्टीने उत्सर्जन तेजोमेघांच्या छायाचित्रणाचा इतिहास उद्बोधक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इ. स. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट तपासला. ताऱ्यांसारखा सलग पट्टा न दिसता त्यांना मोजक्याच तेजस्वी रेषा दिसल्या. हा तेजोमेघ वायुरूप असल्याचे त्यावरून सिद्ध झाले. त्यातील हिरवी रेषा 'नेब्युलियम' या कल्पित मूलद्रव्याची मानली गेली. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे दाखविले.

दरम्यान ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटांच्या प्रकाशनाने घेतले. तत्कालीन काचपट्ट्या प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. म्हणजेच प्रकाशाची निवड आरंभापासूनच होत होती. मात्र ती साधनाच्या मर्यादेमुळे होती.

अरुंद पट्ट्यांचे तंत्र :
अरुंद पट्ट्याचे फिल्टर ही निवड हेतुपुरस्सर करतात. एका फिल्टरमधून एखाद्या मूलद्रव्याच्या रेषेभोवतीचा काही नॅनोमीटरचाच प्रकाश जातो. १ एप्रिल १९९५ रोजी जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातील वायुस्तंभ याच पद्धतीने टिपले. त्यांत गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग देण्यात आला.

हायड्रोजनची ६५६.३ आणि गंधकाची सुमारे ६७२ नॅनोमीटरची रेषा, दोन्ही डोळ्यांना लालच दिसतात. 'नैसर्गिक' रंग राखले असते, तर दोन वायूंमधील भेद लुप्त झाला असता. शिवाय रंगांचा क्रम तरंगलांबीच्या क्रमानुसारच ठेवलेला होता. म्हणून हे रंग मनःकल्पित नसून नकाशातील रंगांप्रमाणे सांकेतिक आहेत.

निष्कर्ष :
अशा छायाचित्राचे प्रामाण्य डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याशी असलेल्या साम्यावर अवलंबून नसून संकेताच्या स्पष्ट नोंदीवर अवलंबून असते. ती नोंद वगळून केवळ चित्र पुनर्मुद्रित झाल्यास पुरावा उरत नाही, शोभा तेवढी उरते. पाठ्यपुस्तकांत व वर्गाध्यापनात अशी चित्रे वापरताना रंगसंकेत देणे म्हणूनच अनिवार्य ठरते.