डिलाईल रोडची मिरवणूक

साल 1982. गिरण्यांचा संप 18 जानेवारीला सुरू झाला होता. गणपती आले तरी आमच्या घरात पगार नव्हता. वडील साचेखात्यात विणकर, मी पंधरा वर्षांचा. त्या वर्षी चाळीच्या गणपतीला बँड परवडला नाही. पोरांनी लेझीम घेतली. विसर्जनाला हातगाडी ढकलायला माणसं कमी पडली, तेव्हा मला हाक आली. मी गेलो.

रात्री अंगावरचा गुलाल धुऊन निघेना. वडिलांनी विचारलं, ''हात जोडलेस?''

''नाही अब्बा, गाडी ढकलली.''

''मग जेवायला बस.''

पुढे बी.ए.ला इतिहास वाचताना कळलं, की मी काही नवीन केलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मोहरमच्या मिरवणुकीत हिंदूही हौसेनं सामील होत. ऑगस्ट 1893 मध्ये शहरात दंगल पेटली. त्याच वर्षी गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे ताबुतांमधला हिंदूंचा सहभाग ओसरत गेला. मिरवणुका वेगळ्या झाल्या. गिरणीतलं काम मात्र शेजारी शेजारी उभं राहूनच चालायचं. मला हाक आली ती त्या शेजारातून.

जवळजवळ शंभर वर्षांनी, जानेवारी 1993 मध्ये, मुंबई पुन्हा पेटली. त्या वर्षीच्या गणपतीत मला हाक आली नाही. खरं सांगायचं तर मीही दारात उभा नव्हतो. मिरवणुकीला हाक मारणारा लागतो, तसा ओ देणाराही लागतो.