नाळ कापण्याची घाई

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, वैद्यकातला नाही. पण 'कारण' म्हणजे काय हे शिकवताना एक प्रश्न मला चिकटला तो सुटेना. नाळ केव्हा कापायची?

चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे वैद्य होते. 'झूनोमिया'च्या 1801 च्या आवृत्तीत त्यांनी बजावलंय की नाळ फार लवकर बांधली तर बाळाचं नुकसान होतं. श्वास लागून नाळेची धडधड थांबेपर्यंत थांबावं. 1875 मध्ये पॅरिसला पिएर ब्युदँ यांनी मापच घेतलं. उशिरा बांधलं तर वारेत रक्त कमी उरतं, सुमारे 90 ग्रॅमचा फरक. ते रक्त बाळाकडे जातं. (आपल्याकडच्या पुष्कळ सुइणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत, त्यांनी काही मोजलं नव्हतं!)

विसाव्या शतकात मात्र आईचा रक्तस्राव रोखण्याच्या उपायांत, इंजेक्शनच्या जोडीला, नाळ लगेच कापणंही आलं. हेतू रास्तच होता. पण बाळाचा हिशेब फारसा कुणी केला नाही.

तो हिशेब लोहाचा आहे. गर्भ लोहाची बहुतेक शिदोरी शेवटच्या तीन महिन्यांत बांधतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ ती अर्धवट घेऊन येतं. त्यात तपासण्यांसाठी रक्त काढलं जातं, शिवाय वाढही झपाट्यानं. आणि लोह कमी पडलं की शरीर ते आधी तांबड्या पेशींना देतं, मेंदूला नंतर. म्हणजे हिमोग्लोबिन ठीक दिसेल आणि मेंदू उपाशी असेल!

1991 मध्ये बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकातली पाच वर्षांची मुलं तपासली. ती अकाली जन्मलेली नव्हती, हे सांगायला हवं. तान्हेपणी ज्यांना लोहाअभावी रक्तक्षय झाला होता, ती रक्त सुधारूनही मागेच होती. गरिबीचा परिणाम असेल, अशी शंका माझ्यासारख्याला येतेच. ती त्यांनी हिशेबात धरली होती, आणि उंदरांवरच्या प्रयोगांतही पुढे तसंच दिसलं. लोह नंतर देता येतं. गेलेला काळ देता येत नाही.

आता विपर्यास बघा. ज्या बाळाला त्या रक्ताची सर्वांत गरज, त्याचीच नाळ सर्वांत आधी कापली जायची, कारण त्याला श्वास द्यायला पलीकडच्या टेबलावर न्यायचं असे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 मध्ये सांगितलं, किमान 1 मिनिट थांबा. पण तिथेही, तातडीनं श्वास द्यावा लागणारं बाळ अपवादच. आता काही रुग्णालयांत ते टेबलच आईच्या खाटेशी आणतात, नाळ तशीच ठेवून.