तीन खुर्च्यांचं विमान

४ डिसेंबरला नौदल दिन असतो, १६ डिसेंबरला विजय दिवस. दोन्ही दिवशी मोबाईलवर तिरंग्याचे मेसेज धो धो येतात. मधली १० तारीख मात्र कोरडी जाते. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

आधी मागे जाऊ. १० डिसेंबर १९४१. मलायाच्या किनाऱ्याजवळ इंग्रजांची 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' ही दोन अवाढव्य लढाऊ जहाजं जपानी विमानांनी दोन-तीन तासांत बुडवली. आठशेच्या वर माणसं गेली. काम मुख्यतः टॉर्पेडोनं केलं. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून पळणारा बॉम्ब. तो टाकायचा तर विमानाला पाण्याच्या अगदी जवळ, सरळ रेषेत आणि बेतशीर वेगानं उडावं लागतं. म्हणजे समोरून तोफा धडाडत असताना नाकासमोर बघून चालायचं. या विमानांना टॉर्पेडो बॉम्बर म्हणत, आणि त्यात बसणाऱ्याला घरी परत यायची खात्री फार कमी असे.

इंग्रजांचं असंच विमान म्हणजे 'स्वोर्डफिश'. दोन मजली पंख, धातूचा सांगाडा आणि वरून चक्क कापड! आपल्या मालेगावकरांना हे वाचून गंमत वाटेल, पण या कापडी विमानांनी नोव्हेंबर १९४० मध्ये तारांतोच्या बंदरात इटलीच्या आरमाराचं कंबरडं मोडलं आणि मे १९४१ मध्ये 'बिस्मार्क'चं सुकाणू निकामी केलं. त्याच जातीची सहा विमानं ५ एप्रिल १९४२ ला सिलोनवर जपानी झिरो विमानांच्या तावडीत सापडली. सहाच्या सहा पडली. दुसऱ्या दिवशी जपानी विमानांनी आपल्या विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. दुसरं महायुद्ध लांब कुठंतरी झालं, असं आपण समजतो. ते आपल्या किनाऱ्यापर्यंत आलेलं होतं.

युद्ध संपलं आणि टॉर्पेडो बॉम्बरचा जमाना गेला. रडार आलं, जेट आलं. पण टॉर्पेडो संपला नाही, त्याचं गिऱ्हाईक बदललं. आता तो जहाजावर टाकण्यापेक्षा पाण्याखालच्या पाणबुडीवर टाकायचा होता. या नव्या कामासाठी फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीनं विमान काढलं, नाव 'अलिझे'. फ्रेंचमध्ये अलिझे म्हणजे व्यापारी वारे. पहिलं उड्डाण १९५६ मध्ये. भारतानं 'विक्रांत' या विमानवाहू नौकेसाठी सुरुवातीला अशी बारा विमानं घेतली. १९६१ मध्ये ३१० स्क्वाड्रन उभी राहिली, तिचं नाव 'कोब्रा'.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या भागातल्या नववीच्या पाच-सहा पोरांनी प्रदर्शनासाठी विमानाचं मॉडेल करायचं ठरवलं. पत्रकार आहे म्हणून माझ्याकडे फोटो मागायला आले. त्यांना राफेल करायचं होतं. मी म्हटलं, राफेल सगळेच करतात, तुम्ही अलिझे करा. "ते काय असतं काका?" तिथून सुरुवात झाली.

प्रमाण धरलं १ : २४. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा १५.६ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ६५ सेंटीमीटर. लांबी १३.८६ मीटर, म्हणजे जेमतेम ५८ सेंटीमीटर. एकानं हुशारीनं विचारलं, मग याच मापात विक्रांत केली तर? हिशोब केला. जहाज २१३ मीटरचं, मॉडेल होईल जवळपास नऊ मीटर. वर्गातच मावणार नाही! जहाज केवढं होतं हे पोरांना तेव्हा कळलं. कुठल्या धड्यानं कळलं नसतं.

साहित्य सगळं गावातलंच. सनबोर्ड, पुठ्ठा, फेविकॉल, आणि पुढच्या गोल नाकासाठी लूमच्या कारखान्यातून आणलेला सुताचा कागदी कोन. शंभर टक्के मालेगावी जुगाड. पण माप जुगाडाचं नाही, ते पक्कं. आणि माप पक्कं ठेवायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात.

पंख मधूनच का दुमडतात? कारण जहाजावर जागा नसते. शेपटीखाली आकडा कशाला? कारण जहाजाची धावपट्टी इतकी आखूड, की आडवी बांधलेली तार त्या आकड्यात अडकवूनच विमान थांबवावं लागतं. पोटाखाली घुमट का? तो रडारचा, हवेत गेल्यावर खाली सरकतो, उतरताना वर ओढून घेतात. पंखाखालच्या दोन फुगीर डब्यांत काय? मागे चाकं, पुढे पाणबुडीचा आवाज ऐकायला समुद्रात टाकायची यंत्रं. टॉर्पेडो कुठे? पोटात.

मग एकानं विचारलं, "आत माणसं किती बसवायची?"

तीन. पुढे दोन शेजारी शेजारी, मागे एक. पायलट उडवणार, दुसरा रडार बघणार, तिसरा पाण्याखालचं ऐकणार. पोरांनी मातीची तीन माणसं केली. तेव्हा मी त्यांना १० डिसेंबर १९७१ सांगितला.

त्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्या बॉयलरला भेग गेलेली, पूर्ण वेगानं पळता येत नव्हतं, तरी तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारकडचा किनारा झोडपून काढला. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण पश्चिमेला, अरबी समुद्रात, दुसरीच गोष्ट घडत होती. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं आपली 'खुकरी' टॉर्पेडो मारून बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर अलिझे होतं. जहाजावरून नाही, किनाऱ्यावरून उडालेलं. त्यात तिघे होते. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन. त्यांची गाठ पडली पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-१०४ स्टारफायटरशी. ते विमान आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं, आणि आपलं पंख्याचं. हवेतल्या लढाईसाठी अलिझे बनलेलंच नव्हतं. तिघे परत आले नाहीत. 'प्रिन्स ऑफ वेल्स' बुडाली त्याला बरोब्बर तीस वर्षं झाली होती.

पोरं गप्प झाली. मग त्यांनी आपणहून ठरवलं की मॉडेलखाली पाटीवर तिघांचीही नावं लिहायची, मराठीत आणि उर्दूत. नुसत्या पायलटचं नाही. कारण खुर्च्या तीन आहेत, आणि त्या त्यांनी स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या.

मला इथंच थांबून आपल्याशी बोलायचंय. आपण इतिहास कसा लक्षात ठेवतो? विक्रांत १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत तिचं संग्रहालय होतं, ते २०१२ मध्ये बंद पडलं. जहाज सांभाळायला पैसा कुणी काढायचा यावर चर्चा होत राहिली. शेवटी सुमारे ६० कोटींना ते भंगारात गेलं, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही थांबवलं नाही, आणि दारूखान्यात गॅस कटरनं त्याचे तुकडे झाले. त्यातलं लोखंड वापरून २०१६ मध्ये बजाजनं मोटरसायकल काढली. आपल्या कॅम्प रोडला, किदवई रोडला ती गाडी तुम्ही पाहिली असेल. १९७१ चं जहाज पेट्रोलच्या टाकीत उरलं!

मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. २१३ मीटरचं गंजणारं लोखंड सांभाळणं खायचं काम नाही, हे मलाही कळतं. पण मोठी वस्तू टिकवता येत नसेल तर छोटी तरी नीट करा, एवढंच म्हणणं आहे. मोजून केलेलं मॉडेल खोटं बोलू शकत नाही. फॉरवर्डमध्ये आपलं विमान कधी पडत नाही, आपलं जहाज कधी बुडत नाही. मॉडेल करताना मात्र विचारावंच लागतं की यात कोण बसलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं. विजय आणि किंमत, दोन्ही एकाच मापात येतात.

आपल्या नाशिक जिल्ह्यात ओझरला मिग विमानं तयार झाली. म्हणजे विमान ही आपल्याला परकी गोष्ट नाही. तरीही शाळांच्या प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी, तेच पवनचक्कीचं मॉडेल. शिक्षक मंडळी माझ्या यादीत बरीच आहेत, त्यांना तीन विनंत्या करतो.

एक, दरवर्षी एका वर्गाला इतिहासातली एक खरी वस्तू खऱ्या मापानं करायला द्या. विमानच पाहिजे असं नाही. हातमाग करा, गिरणेवरचा पूल करा, आपला भुईकोट किल्ला करा.

दोन, सहल गोव्याला जात असेल तर बीचवरून थोडा वेळ काढा. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथं खरं अलिझे उभं आहे. पोरांना त्याच्या पंखाखाली उभं करा आणि खुर्च्या किती ते विचारा.

तीन, केलेली मॉडेलं प्रदर्शन संपल्यावर रद्दीत घालू नका. शाळेच्या वाचनालयात एक कपाट द्या. जहाजाला जागा नव्हती, हे समजू शकतो. ६५ सेंटीमीटरला जागा नाही असं कोण म्हणेल?

ज्यांच्या घरात, ओळखीत कुणी नौदलात होतं, त्यांनी खाली जरूर लिहा. आणि आज १० तारीख आहे. रॉय, सिरोही, विजयन. ही तीन नावं एकदा मोठ्यानं वाचा.