अलास्काचा तांबडा खेकडा : एका दर्याधनाचा इतिहास

कोकणपट्टीतील आपल्या ज्ञातिबांधवांस चिंबोरी काही परकी नाही. तिच्या दूरच्या भाईबंदांपैकी एक, अलास्काच्या थंड समुद्रातील ‘किंग क्रॅब’ नामक तांबडा खेकडा, याचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. दर्याचे धन राखावे कसे व मोजावे कसे, हे दोन्ही प्रश्न त्यात येतात.

तेथील नियम विचारपूर्वक घातलेले होते. मादी सापडल्यास ती पाण्यात परत सोडावयाची. साडेसहा इंचांहून कमी रुंदीचा नरही सोडावयाचा. आणि कात टाकण्याच्या व समागमाच्या दिवसांत धंदा बंद ठेवावयाचा. वंशवृद्धी चालू राहावी, हा हेतू उघड आहे.

इतके असूनही अनर्थ टळला नाही. कोडियाक बेटाभोवती 1965-66 च्या हंगामात 9 कोटी पौंडांहून अधिक खेकडा निघाला होता. 1983 साली तेथील धंदा बंद झाला, तो पुन्हा उघडलाच नाही. ब्रिस्टल उपसागरात 1980 साली सुमारे 13 कोटी पौंड, 1981 साली सुमारे 3 कोटी 36 लक्ष, 1982 साली अवघे 30 लक्ष आणि 1983 साली पूर्ण बंदी! अतिरेकी पकड, पाण्याची वाढती उष्णता, की भक्षक मासे, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

तेव्हापासून मोजदादीस अधिक महत्त्व आले. सरकारतर्फे नौका दर उन्हाळ्यात ठरलेल्या ठिकाणी जाळे ओढून खेकड्यांची गणती करितात. ब्रिस्टल उपसागरात प्रौढ माद्या 84 लक्षांहून कमी भरल्या, तर हंगाम उघडावयाचा नाही, असा दंडक झाला. त्यानुसार 2021 व 2022 साली धंदा बंद राहिला आणि 2023 साली मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाला.

त्याच बेरिंग समुद्रातील ‘स्नो क्रॅब’ची कथा अधिक करुण आहे. 2018 व 2019 साली समुद्र असाधारण तापला; उष्ण पाण्यात खेकड्यांची भूक वाढली, अन्न मात्र पुरेना. 2020 साली महामारीमुळे गणतीच झाली नाही. 2021 च्या गणतीत भयंकर घट उघडकीस आली. 1,000 कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाल्याचा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी पुढे काढिला. ऑक्टोबर 2022 मध्ये हा धंदा इतिहासात प्रथमच बंद करण्यात आला. सेंट पॉल बेटावरील गावाचे उत्पन्न मुख्यतः याच खेकड्यावर अवलंबून होते; तेथील कुटुंबांवर कोणता प्रसंग ओढवला असेल, हे किनाऱ्यावरील माणसास सांगावयास नको.

आम्ही आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली. शाळेचे नियम कितीही उत्तम असोत, वर्गात मुले किती आहेत हे हजेरीवाचून कळत नाही. मादी सोडणे हा नियम झाला, गणती ही हजेरी झाली. आणि हजेरी घटताच भर हंगामात होडी किनाऱ्यास बांधून ठेवणे, हे खरे धैर्य होय. तेवढ्या काळात होडीवाल्याच्या घरची चूल पेटती ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे. आपल्या खाड्यांचा विचार करिताना ज्ञातिबंधूंनी या दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात, एवढीच विनंती.