जवारीचा वारसा

देवालयाच्या सभामंडपात भजन रंगते, तेव्हा श्रोत्यांचे लक्ष गायकाकडे असते, मृदंगाकडे असते. त्यांच्या पाठीशी अखंड झंकारणाऱ्या तंबोऱ्याकडे क्वचितच जाते. बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा येथे आमच्या घरी वडिलांच्या वेळचा एक मिरजेचा तंबोरा आहे. मध्यंतरी त्याचा नाद मंदावला. तारा नव्या घातल्या, खुंट्या घट्ट केल्या, परंतु व्यर्थ. जाणत्यांनी निदान केले, ‘जवारी गेली. मिरजेस न्या.’ घोडीवरील केसभर झीज दुरुस्त करण्यासाठी शेकडो मैलांचा प्रवास! हे ज्ञान त्या एका गावी कसे वसले आणि ते कशाने टिकते, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत राहिला.

मिरज हे पटवर्धन संस्थानिकांचे गाव. तेथील शिकलगार हे शस्त्रांना धार व झिलई देणारे मुसलमान कारागीर. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तलवारींचे दिवस सरले. अशा पडत्या काळात, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांकडे आपला हात वळविला. पुढे त्या घराण्याने ‘सतारमेकर’ हेच आडनाव धारण केले. शस्त्रांवर फिरलेला हात वाद्यांवर फिरू लागला!

तथापि नुसत्या हाताने वाद्य घडत नाही. त्याला कान लागतो. तो कान गवयांनी दिला. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस विद्यादान करीत. विष्णु दिगंबर पलुस्कर तेथेच त्यांच्यापाशी शिकले. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते निवर्तले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच विसावले.

तंबोऱ्याचा भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांतून. कडू भोपळ्याने तीर्थयात्रा केली तरी तो कडूच राहतो, असे आपण म्हणतो. येथे मात्र विठ्ठलाच्या मुलखातला तो भोपळा मिरजेस जातो आणि गोड होतो! तो वाळवितात, भिजवून आकारास आणतात, कापून त्यावर लाकडी तबली बसवितात. दांडी तूण नावाच्या झाडाच्या लाकडाची. हे सारे काम बहुधा राहत्या घरीच चालते. शेवटी येते जवारी. हाडाच्या वा कठीण लाकडाच्या रुंद घोडीचा पृष्ठभाग असा घासावयाचा, की कंप पावणारी तार त्याला ओझरती शिवत राहील. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नादाची नेमकी जागा शोधावयाची. यास माप नाही. कान हेच माप.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. फरीदसाहेबांच्याच काळात स्पेनमधील आल्मेरियाचा सुतार आन्तोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) गिटारीला आजचे रूप देत होता. उतारवयात तोही राहत्या घरीच गिटारी घडवी. नाद मुख्यत्वे वरच्या पातळ फळीत असतो, हे दाखविण्यासाठी १८६२ साली त्याने पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. आपले रहस्य आपण शिकवू शकत नाही, ते अंगठा व तर्जनी यांच्या स्पर्शात आहे, अशा आशयाचे त्याचे उद्गार सांगतात.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. अन्यत्र बनलेल्या वाद्यास आता मिरजेचे नाव लावता येणार नाही. हे उचितच झाले. १९९९ च्या या कायद्यान्वये असे मानांकन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. अधिकृत वापरकर्ता निवर्तल्यास त्याचा हक्क वारसाकडे जातो. वकील या नात्याने मला ही तरतूद आवडते. परंतु हक्क वारसास मिळतो, जवारी मिळत नाही. ती मृत्युपत्राने देता येत नाही. वारसाने कित्येक वर्षे वडिलांच्या शेजारी बसावे, तेव्हाच तिचा ताबा मिळतो. आणि तंबोऱ्याचा सूर विजेच्या पेटीतून सहज निघू लागला असता, कोणता मुलगा इतकी वर्षे बसेल?

अखेर मी तंबोरा मिरजेस नेला. घराच्या ओटीवरच कारखाना होता. वृद्ध कारागिराने घोडी घासली, धागा सरकविला, तार छेडली, पुन्हा घासली. नातू शेजारी बसून होता. एकदा म्हातारबाबांनी हात थांबविला आणि काही न बोलता कानस त्याच्या हाती दिली. मुलाने दोनदा घासून तार छेडली, मान हलविली आणि पुन्हा घासू लागला.

आपल्या देवळांत तंबोरा खुंटीला टांगून पेटी लावणे सोयीचे खरे. परंतु खुंटीवरच्या तंबोऱ्याची जवारी जात नाही. आणि जवारी जाईनाशी झाली, की त्या मुलापुढे घासावयास काही उरत नाही. त्याचा वारसा चालू राहावयाचा तर आपला तंबोरा सभामंडपात वाजला पाहिजे.