एक रत्तल धान्य

काटकसर हा आपल्या घराघरांतला जुना गुण आहे. तुटपुंज्या मिळकतीत चार मुलांची शिक्षणे पार पाडणाऱ्या आया, एका कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून पुढे आलेले भाऊ, अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. आज ज्या काटकसरीविषयी बोलायचे आहे ती मात्र निराळी. तिच्यात वाचवणारा एक असतो आणि उपाशी राहणारा दुसरा. आपल्याच मुलखात १८७७ साली तिची परमावधी झाली. तो इतिहास शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात बिहारपासून करावी लागते. १८७३-७४ साली तिकडे दुष्काळ पडला. तेथील कारभाराची सूत्रे सर रिचर्ड टेंपल यांच्या हाती होती. त्यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला, ठिकठिकाणी कामे काढली, आणि दुष्काळाचे मृत्यू जवळजवळ होऊ दिले नाहीत. इंग्रजी अमलाच्या इतिहासात असे उदाहरण क्वचितच सापडेल. पण झाले काय, की बराच तांदूळ उरला, तो मिळेल त्या भावाने विकावा लागला, आणि कलकत्त्यापासून लंडनपर्यंत टेंपलसाहेबांवर उधळपट्टीचा ठपका आला. माणसे वाचली याबद्दल शाबासकी देणारे थोडे, पैसा गेला म्हणून ओरडणारे फार. हा धडा साहेबांनी चांगला ध्यानात ठेवला.

दोनच वर्षांनी, १८७६ साली, दख्खनेत पावसाने दगा दिला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, कलादगी, बेळगाव, धारवाड, आणि खाली मद्रास इलाखा व म्हैसूर, सारा मुलूख करपून गेला. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटन यांनी दिल्लीला मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा केली, आणि त्याच महिन्यात टेंपल यांना दक्षिणेच्या दौऱ्यावर धाडले. सूचना साधी होती. जीव राहील इतपत मदत करा आणि खर्च कमीत कमी ठेवा. ज्या गृहस्थावर कालच उधळेपणाचा शिक्का बसला होता त्याच्याच हाती कात्री दिली, यातली मौज आपल्या लक्षात येईल.

टेंपल यांनी ठरवले की एका माणसाला दिवसाला एक रत्तल धान्य पुरे. बंगाली शेराच्या मापाने हे अर्ध्या शेरालाही किंचित कमीच. मद्रास इलाख्यात, आणि आपल्याकडे गावालगतच्या लहान कामांवर, पुरुषाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा असा दर झाला. बाईला वरचा तुकडा त्याहूनही लहान. त्या अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, सरपण, चिंधी, आणि पदरचे तान्हे मूल, सगळे भागवायचे. शिवाय, धडधाकट माणसांनी गावाजवळची कामे सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जावे असा हुकूम निघाला. दूर जायला जो तयार तोच खरा गरजू, असे यामागचे तर्कशास्त्र होते.

आता थोडा हिशेब करू. एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. ज्वारीपासून शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या जवळपास उष्मांक मिळतात हे आजचे आहारशास्त्र सांगते. म्हणजे दिवसाचे सोळाशेही धड भरत नाहीत. माणूस नुसता अंथरुणावर पडून राहिला तरी दीड हजारांच्या आसपास खर्च होतातच. उरलेल्या शंभरांत त्याने दिवसभर खडी फोडायची आणि मातीच्या पाट्या वाहायच्या! कष्टाच्या कामाला तीन हजार उष्मांकही अपुरे पडतात. फरक कोठून भरून निघायचा? तो अंगावरच्या मांसातून भरून निघतो, आणि ते संपले की माणूस संपतो.

ही गोष्ट कळायला आजच्या शास्त्राची गरज नव्हती. मद्रासचे आरोग्य कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच टेंपल यांना लेखी विरोध केला. सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंगात याहून अधिक अन्न मिळते, कष्ट करणाऱ्याला निदान दीड रत्तल धान्य आणि सोबत डाळ, भाजीपाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हे गृहस्थ सरकारी नोकर होते हे मुद्दाम सांगतो. सरकारात सगळेच एका माळेचे मणी नसतात. काही महिन्यांतच मद्रास सरकारला धान्याचे माप वाढवावे लागले, कारण कामावरची माणसे डोळ्यांदेखत खंगत चालली होती.

पण माझे मन रेंगाळते ते आपल्याकडच्या घटनेपाशी. दर घटवल्याचे आणि दूर जाण्याचे हुकूम येताच आपल्या जिल्ह्यांतली माणसे दुष्काळी कामे सोडून चालू लागली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दिलेल्या आकड्याप्रमाणे जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत लाखावर माणसांनी काम सोडले. लक्षात घ्या, तेव्हा या देशात कामगार संघटना हा शब्दसुद्धा रुळला नव्हता. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी एकत्र केले ते पुढे १८८४ साली. इथे वर्गणी नव्हती, झेंडा नव्हता, पुढारीही नव्हता. पोटात अन्न नसलेल्या माणसाने हातची मजुरी नाकारायची याला काय म्हणावे? चाळीसेक वर्षे मी संपांच्या भानगडीत आहे, पण असा संप मी पाहिलेला नाही. उपाशी कामगार शेवटी कामावर परत येतो, हा मालकांचा आणि खरे तर आमचाही अनुभव आहे.

सरकारी अधिकाऱ्यांनी मात्र याचा सोयीचा अर्थ लावला. माणसे निघून गेली, अर्थी त्यांना मदतीची गरजच नव्हती! कामावरचा पट कमी झाला, खर्च कमी झाला, कागदावर सगळे ठीक दिसू लागले. गेलेल्यांपैकी कितीतरी जण वऱ्हाड, खानदेश, निजामाचा मुलूख अशा वाटांना लागले. सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारकडे खलित्यांमागून खलिते पाठवले. न्यायमूर्ती रानडे स्वतः सरकारी नोकरीत असूनही सभेच्या पाठीशी होते. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजातर्फे पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम काढला. आणि याच दुष्काळात खेडोपाडी हिंडलेला वासुदेव बळवंत फडके १८७९ साली बंड करून उठला.

टेंपलसाहेबांचे पुढे काय झाले म्हणाल, तर ते त्याच साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

मग या काटकसरीने सरकारचे साधले काय? इंग्रजी मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. कित्येक थेट भुकेने मेली, कित्येक पावसाळ्यानंतर आलेल्या तापाने आणि पटकीने, कारण शरीरात तग धरायला काही उरले नव्हते. मेलेले शेतकरी सारा भरत नाहीत. जित्राब गेले, बी-बियाणे गेले, जमिनी पडून राहिल्या. शेवटी कमिशन नेमावे लागले, आणि १८८० साली त्याने अहवाल दिला. त्यातून जे दुष्काळ-नियम निघाले त्यांत कष्ट करणाऱ्याचे माप टेंपल यांच्या रत्तलाहून वर ठेवावे लागले. इकडे पुढच्या दुष्काळासाठी म्हणून १८७८ साली लोकांवर नवे कर बसवले, आणि त्याच वर्षी अफगाण युद्ध सुरू झाले. दुष्काळाचा पैसा युद्धात गेला, अशी टीका देशभर झाली. रत्तल मोजताना आणे-पै पाहणारे सरकार तोफांच्या बाबतीत एवढे चिकट नव्हते.

दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याचे मातीकाम याच दुष्काळातल्या माणसांनी केले. नगरकडे जाताना तो भराव आजही खिडकीतून दिसतो.

माणसाला किती लागते हा वाद नंतरही मिटला नाही. १९५७ साली दिल्लीला पंधराव्या कामगार परिषदेत सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले. डॉ. अॅक्रॉइड यांच्या मापाने प्रौढ कामगाराला दिवसाला २,७०० उष्मांक मिळतील इतके किमान वेतन असावे, असे तिघांनी मिळून मान्य केले. हे अॅक्रॉइड १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या कमिशनचे सभासद होते. भूक कशी मोजायची हे त्यांना ठाऊक होते. दोन वर्षांनी केंद्रीय वेतन आयोगापुढे हेच माप आले. देशाला ते परवडणार नाही, असे म्हणून आयोगाने ते बाजूला ठेवले, आणि १९६० च्या जुलैत केंद्र सरकारच्या नोकरांनी पाच दिवस संप केला.