गर्भारपणातील रक्तदाब : नांदुऱ्याचे खारे पाणी आणि नागपूरचे संशोधन

बाळंतपणात स्त्री दगावली असे ऐकले की बहुतेकांच्या मनात प्रथम रक्तस्राव येतो. रक्त डोळ्यांना दिसते, घरातील माणसे घाबरतात आणि गाडीची शोधाशोध सुरू होते. उच्च रक्तदाबाचे तसे नाही. रक्तदाब १७० वर पोहोचलेली गर्भवती घरातील सर्व कामे उरकून संध्याकाळी ओट्यावर बसलेली असू शकते. पायावरची सूज ‘दिवस भरत आले की येतेच’ म्हणून सोडून दिली जाते. डोके दुखते ते उन्हामुळे, असे समजले जाते. पुढे झटके येऊ लागले की काही घरांत अजूनही बाहेरच्या बाधेचा विचार आधी होतो व दवाखान्याचा नंतर.

या विकाराचा वाटा लहान नाही. २००३ ते २००९ या काळातील जगभरच्या मातामृत्यूंचे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेले विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २७ टक्के मृत्यू रक्तस्रावामुळे, तर १४ टक्के मृत्यू गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकारांमुळे झाल्याचे आढळले. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ होता, तो २०१८-२० मध्ये ३३ वर आला. ही घट मोठी आहे.

विकाराचे स्वरूप

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला आणि काही तासांनी पुन्हा मोजल्यावरही तो तसाच राहिला, तर त्यास गर्भारपणातील उच्च रक्तदाब म्हणतात. त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, अथवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम दिसू लागला की त्यास प्री-एक्लॅम्पसिया हे नाव आहे. झटके आले की तो एक्लॅम्पसिया, म्हणजेच गर्भाक्षेप. १६०/११० ही तीव्र अवस्था असून तिच्यात मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

विकाराचे मूळ वारेत आहे. गर्भाशयातील ज्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद होऊन वारेला भरपूर रक्त पुरवू लागतात, त्या पुरेशा रुंद होत नाहीत. उपाशी राहिलेल्या वारेतून काही द्रव्ये मातेच्या रक्तात उतरतात व तिच्या सर्वांगातील रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा करतात. म्हणूनच प्रसूती होऊन वार बाहेर पडणे हाच या विकारावरचा खरा उपचार होय. बाकी सर्व औषधे तोवर मातेला सांभाळण्यासाठी असतात. पहिलटकरीण, जुळी बाळे, आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या स्त्रियांना धोका अधिक असतो.

खारपाणपट्ट्याचा प्रश्न

मूत्रपिंडाचा उल्लेख आला की बुलडाणा जिल्ह्याच्या वाचकास वेगळे काही सांगावे लागत नाही. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर खारपाणपट्टा पसरलेला आहे आणि नांदुरा तालुक्याचा नदीकडील भाग त्यात मोडतो. येथील विहिरींच्या व हापशांच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या रुग्णांविषयी वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे लिहिले गेले आहे. मात्र खाऱ्या पाण्याचा गर्भवतीवर काय परिणाम होतो, याची चर्चा त्या मानाने कमीच होते.

त्याविषयीचे महत्त्वाचे संशोधन बांगलादेशात झाले. खुलना जिल्ह्यातील दाकोप या किनाऱ्यालगतच्या भागात पिण्याच्या पाण्यात समुद्राचे क्षार मिसळलेले असतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, कोरड्या ऋतूत तेथील माणसाच्या पोटात केवळ पाण्यावाटे दररोज ५ ते १६ ग्रॅम सोडियम जात होते, तर पावसाळ्यात ०.६ ते १.२ ग्रॅम. गर्भवतींमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाणही कोरड्या ऋतूत अधिक होते. २०१४ मध्ये त्याच संशोधकांनी रक्तदाबाचा विकार झालेल्या २०२ गर्भवतींची तुलना १,००६ निरोगी गर्भवतींशी केली. लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम असलेले पाणी पिणाऱ्यांच्या मानाने ३०० ते ६०० मिलिग्रॅमच्या गटात विकाराची शक्यता ३.३ पट, तर ९०० मिलिग्रॅमच्या वर सुमारे साडेपाच पट आढळली.

हे आकडे जसेच्या तसे पूर्णाकाठी लावणे बरोबर होणार नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या पट्ट्यातील क्षार जमिनीच्या थरांतील आहेत आणि त्यांची घडण निराळी आहे. शिवाय बांगलादेशातच २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने चित्र गुंतागुंतीचे केले. सौम्य खारे पाणी पिणाऱ्या सर्वसाधारण लोकांचा रक्तदाब गोडे पाणी पिणाऱ्यांपेक्षा किंचित कमीच भरला. त्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम रक्तदाब खाली ठेवत असावेत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. तेव्हा ‘पाणी खारे म्हणून रक्तदाब’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही. पाण्यात कोणते क्षार किती, हे पाहावे लागते. असा अभ्यास नांदुऱ्यासारख्या तालुक्यात करण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. गर्भवतींच्या नोंदवह्या गावोगावी असतातच, आणि पाण्यातील सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम प्रयोगशाळेत मोजता येते. संशोधकांनी इकडे वळावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रक्तदाबाच्या भीतीने गर्भवतीचे जेवणातील मीठ पूर्ण तोडण्याची पद्धत अनेक घरांत आहे. प्री-एक्लॅम्पसिया टाळण्यासाठी आहारातील मीठ कमी करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये नाकारली आहे. भाजीतील चिमूटभर मीठ वेगळे आणि दिवसभराच्या पाण्यातून जाणारे अनेक ग्रॅम सोडियम वेगळे.

कॅल्शियमचा उपयोग मात्र सिद्ध झाला आहे. ज्यांच्या आहारात ते कमी असते, अशा स्त्रियांना गर्भारपणात कॅल्शियम दिल्यास प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण घटते. किती द्यावे, हा प्रश्न होता. बंगळूरू व टांझानिया येथे प्रत्येकी ११,००० पहिलटकरणींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्या भारतीय स्त्रियांत ३ टक्के, तर १,५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ३.६ टक्के जणींना प्री-एक्लॅम्पसिया झाला. म्हणजे कमी मात्राही पुरेशी ठरली. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज दिल्या जातात. लोहाची गोळी त्यांच्यासोबत घेऊ नये, एरवी लोह नीट शोषले जात नाही.

अॅस्पिरिनच्या कमी मात्रेचा अभ्यास नागपूर व बेळगाव या आपल्याकडील दोन केंद्रांसह सहा देशांत झाला. २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ११,९७६ पहिलटकरणी होत्या. मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. रक्तदाबाच्या विकारांचे एकूण प्रमाण फारसे बदलले नाही, परंतु त्या विकारासह ३४ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याची वेळ कमी जणींवर आली. ही गोळी स्वतःच्या मनाने घेण्याची नाही, हे सांगणे न लगे.

रस्त्यावरचे तास

रक्तदाब १६०/११० च्या पुढे गेल्यावर प्रश्न वेळेचा होतो. नांदुरा मुंबई-हावडा लोहमार्गावर आणि राष्ट्रीय महामार्गावर असले तरी गंभीर रुग्णास खामगावच्या सामान्य रुग्णालयात, तेथून गरज पडल्यास अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते. अकोल्याचा प्रवास तासाभराहून अधिक आहे. बुलडाण्यास जायचे तर मोताळ्यानंतर राजूर घाट चढावा लागतो. खेड्यातून नांदुऱ्यापर्यंत येण्यास लागलेला वेळ निराळाच. तीव्र रक्तदाब उतरवण्यासाठी प्रचलित इंजेक्शने शिरेतून द्यावी लागतात व त्यासाठी रुग्णाजवळ सतत परिचारिका लागते. मग गोळ्यांनी काम भागते काय?

या प्रश्नाचे उत्तर विदर्भातूनच मिळाले. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय या दोन सरकारी रुग्णालयांत एप्रिल २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात २८ आठवडे पूर्ण झालेल्या व तीव्र रक्तदाब असलेल्या ८९४ गर्भवतींवर हा अभ्यास झाला. अमेरिकेतील डॉ. थॉमस ईस्टरलिंग, नागपूरच्या डॉ. शुचिता मुंडले व त्यांच्या सहकाऱ्यांचे हे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. एकास निफेडिपिन, दुसऱ्यास लॅबेटॅलॉल गरजेप्रमाणे दर तासाला, आणि तिसऱ्यास मिथिलडोपाची एकच १,००० मिलिग्रॅमची मात्रा. सहा तासांत कोणताही अपाय न होता रक्तदाब योग्य मर्यादेत आलेल्या स्त्रिया अनुक्रमे ८४, ७७ व ७६ टक्के होत्या.

निफेडिपिन पुढे राहिले, हे खरे. मात्र त्या गटातील नवजात बाळांना अतिदक्षता विभागात ठेवण्याची वेळ अधिक आली, हेही नोंदवले गेले आहे. लक्ष वेधून घेते ती मिथिलडोपा. हे औषध जुने व मंद म्हणून मागे पडले होते. एकदाच देऊन ते चारपैकी तीन स्त्रियांत पुरेसे ठरले. जेथे दर तासाला रक्तदाब मोजून पुढची गोळी देण्यास माणूस नाही, तेथे ही गोष्ट मोलाची आहे. तिन्ही औषधे स्वस्त, तोंडाने घेण्याची व साध्या तापमानात टिकणारी आहेत. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची जुनी पद्धत मात्र धोक्याची आहे. रक्तदाब एकदम कोसळून बाळाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

रक्तदाब उतरला म्हणजे झटके टळले असे नाही. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट हेच औषध. १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांतील १,६८७ स्त्रियांच्या अभ्यासात, पुन्हा झटके येण्याचे प्रमाण या औषधाने डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्के व फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्के कमी झाले. २००२ मध्ये ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या ‘मॅगपाय’ अभ्यासाने ते आधीच दिल्यास झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे दाखवले. सरकारी सूचनांनुसार उपकेंद्रातील एएनएम ताईंना या औषधाची पहिली मात्रा, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, देऊन मग रुग्णास पुढे पाठवता येते. गाडी येईपर्यंतचा वेळ असा कारणी लागतो.

पुढे प्रसूती घडवून आणण्याविषयीही नागपूरच्या त्याच दोन रुग्णालयांत ६०२ स्त्रियांवर अभ्यास झाला व तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या तोंडात फोलीची नळी घालण्यापेक्षा मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी दिल्यास चोवीस तासांत नैसर्गिक प्रसूती अधिक जणींची झाली : ४७ टक्क्यांच्या जागी ५७ टक्के.

या साऱ्याची सुरुवात रक्तदाब मोजण्यापासून होते, आणि नेमकी तेथे आपल्याकडील एक रीत आड येते. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते. सासरच्या गावी झालेल्या नोंदी तिकडेच राहतात आणि माहेरच्या आशाताईस तिचा आधीचा रक्तदाब ठाऊक नसतो. ११० असलेला आकडा १३८ वर गेला तर तो वाढलेला आहे, हे कळण्यास जुना आकडा हाताशी लागतो. तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड सामानात सर्वांत आधी ठेवावे. सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, चेहरा व हात सुजणे, लघवी कमी होणे यांपैकी काही जाणवल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाळ झाले की धोका सरला, असेही नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान रक्तदाब पुन्हा चढतो आणि त्या सुमारास बाळंतीण बहुधा घरी परतलेली असते. त्या आठवड्यात घरीच एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावा. ज्यांना हा विकार एकदा झाला, त्यांना पुढे हृदयविकार व कायमचा रक्तदाब होण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. त्यामुळे दरवर्षी एकदा रक्तदाब तपासणे आणि पुढच्या गर्भारपणात पहिल्याच भेटीत डॉक्टरांना मागील हकिगत सांगणे इष्ट असते.